ताई, देव चोराचं ऐकतो का?

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी निरीक्षणगृहात समुपदेशक आहे. पाटीवर निरीक्षणगृह लिहिलेलं असलं तरी रिक्षावाल्याला 'रिमांड होम' म्हटल्याशिवाय कळत नाही. अठरा वर्षांच्या आतल्या ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप आहे, ती चौकशी संपेपर्यंत किंवा जामीन होईपर्यंत इथे राहतात. कायदा त्यांना 'विधि संघर्षग्रस्त बालक' म्हणतो, आम्ही 'सीसीएल' म्हणतो आणि ती एकमेकांना 'भाई' म्हणतात. घरी दहावीतला मुलगा, दुसरीतली मुलगी, नवरा आणि माळकरी सासूबाई. या दोन घरांमध्ये रोजचा बसचा प्रवास आहे. पुढचं जे काही आहे ते बहुतेक त्या बसमध्येच सुचलेलं.

मुलांची नावं यात नाहीत. बाल न्याय कायद्याचं ७४वं कलम ती सांगू देत नाही, आणि ते कलम नसतं तरी मी सांगितली नसती. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

१. पहिल्या भेटीत गुन्हा विचारायचा नाही. पकडल्यापासून २४ तासांत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी बाई असावी लागते. म्हणजे मुलगा माझ्यासमोर येईपर्यंत 'काय केलंस?' हे पोलिसांनी विचारलेलं असतं, मंडळाने विचारलेलं असतं, आणि रात्री खोलीतल्या जुन्या पोरांनी सगळ्यात बारकाईने विचारलेलं असतं. त्याची गोष्ट तोवर घासून गुळगुळीत झालेली असते. म्हणून मी जेवणापासून सुरुवात करते. काय जेवलास? घरी कोणती भाजी आवडायची? कोण करायचं?

'मीच करायचो,' एक जण म्हणाला. आई रात्रपाळीला, बाप नाही, धाकटी बहीण शाळेत. कांदा महाग झाला की फोडणी कशी भागवायची ते त्याने मला अगदी मन लावून सांगितलं. लसूण ठेचून घ्यायचा, जरा जास्त घ्यायचा, आणि शेंगदाण्याचं कूट शेवटी. त्याच्या कागदावर घरफोडी होती. परिवीक्षा अधिकाऱ्यांना १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यात तंबाखू, दारू, संगत, शाळा का सोडली, सगळ्याला रकाने आहेत. स्वयंपाकाला रकाना नाही. मी साहेबांच्या मागे लागले आणि शेवटच्या 'इतर माहिती'मध्ये ते लिहून घेतलं. मंडळातल्या बाईंनी ते वाचून त्याला विचारलं, 'कूट शेवटी का?' तो पहिल्यांदाच मान वर करून बोलला.

घरी मुलगा पेपर देऊन आला की मी हेच करते. आधी जेवण. पेपर कसा गेला ते चपाती संपायच्या आत आपसूक बाहेर पडतं.

२. आई असल्याचा इथे काही फायदा होत नाही. होईल असं मला वाटायचं. एकदा गटचर्चेत मी मोठ्या माणसांचं का ऐकावं यावर बोलत होते. मागून एकाने हात वर केला. 'ताई, तुमचा मुलगा ऐकतो का तुमचं?' मी म्हटलं, 'नाही.' सगळी पोरं अशी हसली की काळजीवाहक दारात येऊन डोकावून गेले. 'मग आम्हाला काय शिकवताय?' त्या दिवसापासून ते मला सल्ला देतात. तुमच्या मुलाला मोबाइलवरून ओरडू नका, तो पासवर्ड बदलेल. त्याला पैसे मोजून द्या, पण हिशेब मागू नका. क्लासच्या बाहेर जाऊन उभ्या राहू नका, पोरं चिडवतात. मी यातलं बरंच पाळते. दहावीच्या मुलांच्या आयांसाठी शहरात एवढी व्याख्यानं होतात, पण पालकत्वाचा इतका उपयोगी वर्ग मला दुसरीकडे मिळालेला नाही.

इथून घरी मात्र एक गोष्ट माझ्या मागोमाग आली. मुलगा आला की मी त्याच्या शर्टाचा वास घ्यायची, दप्तरात हात घालायची. व्हाइटनरची बाटली म्हणजे सगळ्या जगाला खाडाखोडीचं साधन, मला नशा. त्याने एक दिवस माझा हात धरला आणि म्हणाला, 'आई, मी सीसीएल नाहीये.' नवरा पेपरमागे तोंड लपवून हसत होता.

३. भेटीच्या दिवशी आया येतात. बाप क्वचित. या बायका कामावर खाडा करून येतात, त्या दिवसाचे पैसे गेलेले असतात, दोन बस बदललेल्या असतात. 'मॅडम, माझं पोरगं तसं न्हाई हो, दोस्तांनी नासवलं.' हे मी प्रत्येक आईकडून ऐकलंय. गंमत अशी, की ते दोस्त पलीकडच्याच बाकावर आपापल्या आईजवळ बसलेले असतात आणि त्यांच्या आयाही तेच सांगत असतात.

पण त्या खोटं बोलत नाहीत. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला, काहींना एकट्याने आणि काहींना बरोबरीचे सोबती शेजारी असताना. सोबती बघत असले की किशोरवयीन मुलांनी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांच्या बाबतीत तो फरक फारसा दिसला नाही. हे वाचल्यावर मला भेटीच्या दिवसाचे ते बाक आठवले. एकेकटा घेतला तर यातल्या बहुतेकांना अंधाराचीही भीती वाटते. चौघं एका गाडीवर बसले, त्यातल्या एकाने मोबाइल काढला, की ते वेगळेच कुणीतरी होतात.

आयांना मी एवढंच सांगते, की 'माझंच चुकलं' हे त्याच्यासमोर रडत म्हणू नका. तो तसाच खोलीत परत जातो आणि रात्री भिंतीवर हात आपटून घेतो. घरात काय चाललंय ते सांगा. कुत्रीला पिल्लं झाली, मीटर बदलला, मामाने फोन केला होता. आपण नसताना घर चालू आहे आणि आपली जागा तशीच आहे, हे त्याला त्यातून कळतं.

४. तारखेच्या दिवशी इथे सगळे भाविक असतात. बेल झाली तर जेजुरीला पायी येईन, दर्ग्याला चादर चढवीन, आयुष्यात पुन्हा मटण खाणार नाही. (शेवटचा नवस कुणी पाळलेला मला माहीत नाही.) सकाळी प्रार्थनेला एरवी ढकलून आणावं लागतं, तारखेला मुलं आधी येऊन बसतात.

अशाच एका सकाळी, पंधरा वर्षांचा असेल, मोबाइलचोरीतला एक जण मला म्हणाला, 'ताई, देव चोराचं ऐकतो का?'

मला उत्तर सुचेना. म्हटलं, 'आमच्या घरी एक आजी आहेत, त्यांचं त्याच्याशी रोजचं बोलणं आहे. विचारून सांगते.' सासूबाईंना विचारलं. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, 'अगं, जनीवर चोरीचा आळ नव्हता का आला? तोही देवाचं पदक चोरल्याचा. सुळावर द्यायला निघाले होते तिला. सुळाचं पाणी झालं. देव तिच्या बाजूने उभा राहिला म्हणावं.' मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्याला सगळी गोष्ट रंगवून सांगितली. रात्री देव येतो, जनीची वाकळ पांघरून जातो, पदक तिथेच राहतं, पुजारी चिडतात. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, 'पण तिने केली नव्हती ना. मी केलीय.'

इतकी वर्षं हरिपाठ, कीर्तनं ऐकून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. संतांच्या गोष्टींत आळ खोटा असतो. खऱ्या चोराचं काय? घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या हातातलं सूप खाली ठेवून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'पोरगा हुशार आहे. त्याला म्हणावं, मी उद्या विचारते.' आजतागायत त्यांचं उत्तर आलेलं नाही. तो मुलगाही सुटून गेला. पण माझा देवावरचा विश्वास त्या दिवसापासून थोडा घट्ट झाला, आणि तो उत्तरामुळे झालेला नाही. 'मी केलीय' हे शब्द त्याने पोलिसांपुढे मार खाऊन काढलेले नव्हते, वकिलाने शिकवलेले नव्हते. एका आजीच्या देवाशी तो खरं बोलत होता.

५. इथे हसू फार येतं, हे बाहेरच्यांना पटत नाही. आम्ही मुलांना 'श्यामची आई' दाखवला, आचार्य अत्र्यांचा १९५३ चा. मला वाटलं होतं, जुना काळा-पांढरा सिनेमा, कंटाळतील. त्यांना श्यामची आई फार आवडली, कारण ती मारते. पोहायला जात नाही म्हणून श्यामला बडवते तेव्हा खोलीत शिट्ट्या वाजल्या. 'आपल्या आईसारखीच आहे रे!' नंतर मी सांगितलं, की साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. सगळे सरसावून बसले. 'कुठल्या कलमात होते?' मी म्हटलं, 'सत्याग्रहात, इंग्रजांविरुद्ध.' 'म्हणजे राजकीय,' एक जण आदराने म्हणाला. दुसऱ्याला काळजी वेगळीच. 'बेल नाही झाली का?'

आणि निबंध. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध आला. तेव्हापासून आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटणारा माणूस मला 'काय मॅडम, निबंध तपासताय का?' विचारतो. त्या माणसाला मी फारशी उत्तरं देत नाही. पण आमच्या मुलांनी टीव्हीवर ती बातमी पाहिली आणि एक शिष्टमंडळच माझ्याकडे आलं. 'ताई, मंडळाला सांगा ना. आम्ही ६०० लिहितो.' हसता हसता माझ्या लक्षात आलं, की त्यातल्या दोघांना सलग वाक्य लिहिता येत नव्हतं. ज्याच्यासाठी जामीनदार उभा राहायला कुणी नाही, तो मुलगा पाकीटमारीत महिनोन्‌महिने इथे राहतो. ही गोष्ट पोरांना माझ्याइतकीच नीट कळते. फरक एवढाच, की ती त्यावर विनोद करतात.

६. झोप पुरेशी घ्यावी. खरंच. थकलेली बाई घरी आई म्हणून आणि इथे ताई म्हणून सारखीच वाईट असते.

७. बंद दाराबाहेर बसायला शिकावं लागतं. ज्ञानदेवांची गोष्ट आपल्याला प्रवचनातून माहीत असते. संन्याशाची पोरं म्हणून गावाने वाळीत टाकलेलं, आईवडिलांनी देह टाकलेला, चार भावंडं पोरकी. कुणीतरी अपमान केला आणि ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर धाकटी मुक्ताई उभी. तिने त्यांना जे विनवलं, समजावलं, ते ताटीचे अभंग. मला आधी त्यात तत्त्वज्ञान दिसायचं. आता दिसतं ते एवढंच, की एक पोरगा रागावून दार लावून बसलाय आणि बाहेर त्याच्यापेक्षा लहान मुलगी त्याची आई झालीय.

आमच्याकडे एक मुलगा होता, कोणाशीच बोलायचा नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बोलायला लावण्याचे सगळे प्रकार झाले: चित्रं, कॅरम, गाणी, रागावणं. मग मी त्याच्या खोलीबाहेरच्या पडवीत फाइली घेऊन बसायला लागले. माझं काम करत राहायची. मधेच सांगायची, आज उपमा खारट झालाय, आज पाऊस येणार दिसतोय. उत्तर येत नसे. ते दिवस माझ्या घरीही असेच चालले होते. मुलाने बेडरूमचं दार लावून घ्यायला सुरुवात केली होती. आतून मोबाइलवरच्या व्हिडिओंचा आवाज, बाहेर मी घड्या घालायच्या कपड्यांचा ढीग घेऊन. त्यालाही मी असंच काहीबाही सांगायची. टाकीतलं पाणी संपलंय. तुझी निळी जीन्स वाळली नाही.

मुलाने काही महिन्यांनी दार अर्धं उघडं ठेवायला सुरुवात केली. का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निरीक्षणगृहातला मुलगा शेवटपर्यंत बोलला नाही. त्याचा जामीन झाला, आजी घेऊन गेली. जाताना त्याने वळून पाहिलं, पण माझ्याकडे की मागे राहिलेल्या कॅरमकडे, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर मला त्या पडवीबद्दलच बोलता येईल. मुक्ताईसाठी ताटी उघडली, सगळ्यांसाठी उघडतेच असं नाही. पण ते अभंग झाले तेव्हा ताटी बंदच होती.

८. हे लिहायचं टाळत होते. मोबाइलवरच्या स्टेटसवरून दोन गटांत भांडण, कोयते, आणि सतरा वर्षांचा एक मुलगा गेला. आरोपींपैकी एक आमच्याकडे आला. सोळा ते अठराच्या मधला मुलगा आणि निर्घृण गुन्हा असेल तर मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं. त्याला परिणामांची समज होती का, खटला मोठ्यांसारखा चालवावा का, हे ठरवायचं असतं. त्या निमित्ताने मी त्याच्याशी पुष्कळ बोलले. तारखेच्या दिवशी मंडळाबाहेरच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंची माणसं असतात आणि बसायला बाक अपुरे. गेलेल्या मुलाची आई माझ्या शेजारी येऊन बसली. मी कोण ते तिला कुणीतरी सांगितलं असणार.

'तुम्ही त्याच्याशी बोलता?'

'हो.'

'माझ्याशी कोण बोलणार?'

थोड्या वेळाने तिने विचारलं, 'रडतो का तो?' मी मान हलवली. 'रडू दे,' ती म्हणाली. ते कोणत्या सुरात होतं हे मला आजही ठरवता येत नाही.

ज्ञानदेवांचं पसायदान शाळेपासून पाठ आहे. दुष्ट नाहीसे व्हावेत असं त्यात मागितलेलं नाही, त्यांच्यातलं दुष्टपण जावं असं मागितलंय, हे प्रत्येक प्रवचनकार सांगतो आणि आपण माना डोलावतो. त्या व्हरांड्यात मला पहिल्यांदा वाटलं, की ज्याला गावाने छळलं त्याने हे मागणं मागितलं, म्हणून त्याला वजन आहे. ते मागायचा हक्क त्याचा होता. या बाईचा आहे, तिला वाटलं तर आणि वाटेल तेव्हा. माझा नाही. मी पगारी माणूस आहे, माझा मुलगा संध्याकाळी घरी येतो. तिला क्षमेबद्दल एक शब्दही सांगू नये एवढंच माझ्या हातात होतं. मी तिचा नंबर घेतला आणि पीडितांच्या कुटुंबांसाठी असलेल्या नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिच्याबरोबर जाऊन आले. अर्ज भरताना तिने मुलाच्या वयाच्या रकान्यात सतरा लिहिलं, आणि मग मला विचारलं, 'पुढच्या महिन्यात अठरा झाला असता, ते लिहू का?'

ज्या दिवशी आपला देव या दोघांपैकी एकाचाच आहे असं मला वाटायला लागेल, त्या दिवशी मी हे काम सोडेन. आजवर वाटलेलं नाही. त्या बाईसाठी आणि त्या मुलासाठी मी रात्री एकाच दिव्यापुढे हात जोडते, आणि ते मला अवघड जातं.

९. धाकटी बाहुल्यांना ओळीने बसवून 'मंडळ' खेळते. प्रत्येक बाहुलीला ती पुढची तारीख देते. अस्वलाला मात्र लगेच सोडते, कारण त्याचे बाबा आलेत.

१०. सुटून गेलेली मुलं फोन करतात ते आभार मानायला नाही. आधार कार्डावरचं आडनाव चुकलंय, शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापक देत नाहीत, बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी पुढे उभं राहू का मागे. अशा फोनांनी मला जेवढा आनंद होतो तेवढा कुठल्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ घेतानाही झाला नाही, हे खरं. नवरा म्हणतो, तुझा फोन म्हणजे सेतू केंद्र झालाय.

परवा त्या फोडणीवाल्या मुलाचा आला. आता कँटीनमध्ये लागलाय, शिवाय एका कंपनीत अप्रेंटिसशिपचा फॉर्म भरत होता. 'ताई, यात गुन्ह्याबद्दल विचारलंय. काय लिहू?' त्याचं प्रकरण मंडळानेच निकाली काढलेलं होतं. अशा मुलाला त्या गुन्ह्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही, हे कायद्याच्या २४व्या कलमात स्वच्छ लिहिलेलं आहे. ते मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. तरी फॉर्ममधले शब्द नेमके काय आहेत ते बघून, आमच्या विधी अधिकाऱ्यांना विचारून सांगते म्हटलं. 'फोटो पाठव.'

फोटो आला. कागद सरळ, उजेड चांगला, आणि तेवढा प्रश्न त्याच्या अंगठ्याखाली झाकलेला. म्हटलं, अरे, अंगठा काढ आणि पुन्हा पाठव.